श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड : कारभार शिकून घेतलेला राजा

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा ही कामगिरी संपादक मंडळाने आमच्यावर सोपविली. आम्ही विद्वान नव्हे. जन्मभर प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात आयुष्य गेले. तथापि शिकविण्याच्या धंद्यात मुरलेल्या माणसास शिकण्याची गोष्ट नेहमीच मोलाची वाटते, आणि म्हणूनच आमच्या डोळ्यांपुढे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांचे नाव प्रथम उभे राहिले. त्यांच्या वैभवाची, राजवाड्यांची व जडजवाहिराची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. त्यांची पुनरुक्ती येथे करावयाची नाही. आपल्याच नाशिक जिल्ह्यातील एका खेड्यातला, अक्षरओळख नसलेला मुलगा राज्याचा धनी झाला आणि धनी झाल्यावर कारभार कसा करावा हे शिकण्यास पाटी घेऊन बसला, एवढीच हकिकत आम्ही सांगणार आहो. आज आपल्या समाजातील कितीतरी घरांतून मुले, मुली व सुना ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत, नगरपालिकेत निवडून जात आहेत. त्यांच्या कामी ही हकिकत पडावी हा आमचा हेतू.

जन्म व बालपण

मालेगाव तालुक्यातील कवळाणे हे महाराजांचे जन्मगाव. मार्च १८६३ मध्ये तेथे काशीराव गायकवाड यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. जन्मनाव गोपाळराव. आनंदराव हे वडील बंधू व संपतराव हे धाकटे. घराणे गायकवाडांचेच, परंतु दूरच्या शाखेचे. बडोद्याच्या ऐश्वर्याचा वारासुद्धा कवळाण्यापर्यंत पोचत नव्हता. शेती करावी, गुरे राखावी, सण आला म्हणजे गोडधोड खावे, असे साध्या शेतकऱ्याचे जिणे. गावच्या इतर पोरांप्रमाणे गोपाळरावही रानात हिंडत, पोहत, घोड्यावर बसत. वयाची बारा वर्षे उलटली तरी लिहिण्यावाचण्याचा संबंध आलेला नव्हता. त्या काळी खेड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलास शाळा म्हणजे काय हे क्वचितच ठाऊक असे. यात त्यांच्या वडिलांचा दोष मानण्याचे कारण नाही.

बडोद्याची गादी

तिकडे बडोद्यास मात्र मोठी उलथापालथ चालली होती. खंडेराव महाराज १८७० साली निवर्तले व त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीत रयतेची दाद कोणी घेईना, खजिना मनास येईल तसा उधळला जाई. पुढे इंग्रज रेसिडेंट कर्नल फेर यांस विष घालण्याचा प्रयत्न झाल्याचा आरोप मल्हाररावांवर आला. चौकशी झाली, चौकशी करणाऱ्यांत एकमत झाले नाही, तरीही एप्रिल १८७५ मध्ये इंग्रज सरकारने गैरकारभाराच्या कारणावरून त्यांना पदच्युत केले. गादी रिकामी झाली. खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि गायकवाडांच्या कुळात योग्य मुलाचा शोध सुरू झाला.

काशीराव आपल्या तिन्ही मुलांना घेऊन बडोद्यास गेले. जमनाबाईंनी प्रत्येक मुलास येथे कशाकरिता आलास असे विचारले, आणि गोपाळरावांनी राजा होण्याकरिता आलो असे बेधडक सांगितले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, महाराष्ट्रात ती घरोघर सांगितली जाते. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले. कवळाण्याचे गोपाळराव बडोद्याचे सयाजीराव झाले.

आता विचार करा. बारा वर्षांचा मुलगा. काल गुरांमागे होता, आज हत्तीवर अंबारीत बसला. भोवती मुजरे, भालदार, चोपदार, खुशमस्करे. अशा वेळी थोरामोठ्यांचीही बुद्धी फिरते. आपणांस निवडले म्हणजे आपल्या अंगी योग्यता आहेच, असे मनुष्यास वाटू लागते. या मुलास तसे वाटू दिले गेले नाही, हे त्याचे भाग्य आणि बडोद्याच्या रयतेचेही भाग्य.

सहा वर्षांचे शिक्षण

या भाग्याचे श्रेय पुष्कळ अंशी दिवाण राजा सर टी. माधवराव यांजकडे जाते. माधवराव हे तंजावरकडील मराठी घराण्यातले, जन्म १८२८. त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांनी उमेदवारी केली, पुढे त्याच संस्थानचे दिवाण झाले, नंतर इंदूरची दिवाणगिरी केली व १८७५ मध्ये बडोद्यास आले. मूळचा पिंड शिक्षकाचा, हे आम्हांस मुद्दाम सांगावेसे वाटते. महाराज अज्ञान असेतोवर राज्यकारभार त्यांनी चालविला. बिघडलेला वसूल रुळावर आणला, न्यायकोर्टे नीट केली, शाळा व दवाखाने काढले. महाराजांच्या अध्ययनासाठी मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरीतील एलियट नावाचे इंग्रज गृहस्थ शिक्षक म्हणून नेमण्यात आले.

अभ्यास एकदम चार भाषांचा. मराठी घरची, गुजराथी रयतेची, उर्दू दरबारची, इंग्रजी वरिष्ठ सरकारची. बाराव्या वर्षी ज्याने पहिले अक्षर गिरविले त्याला हे केवढे ओझे वाटले असेल, हे आम्ही शिक्षकच जाणू शकतो. वय वाढलेल्या मुलाचे बोट वळत नाही, जीभ वळत नाही, आणि लहान मुले पुढे गेलेली पाहून मनात लाज उत्पन्न होते. महाराज अतिशय कुशाग्र होते असे त्या काळच्या वृत्तांतांवरून दिसत नाही. सावकाश पण चिकाटीने, समजेपर्यंत न सोडता, असा त्यांचा अभ्यास होता. व्यायाम, घोडेस्वारी, कुस्ती हीही नित्याची. संपतराव व बरोबरीची काही मुले सहाध्यायी म्हणून होती, त्यामुळे एकलकोंडेपण आले नाही.

पोथीतले शिक्षण झाले, परंतु माधवरावांना तेवढ्याने समाधान नव्हते. अधिकार हाती येण्याची वेळ जवळ आली तेव्हा त्यांनी स्वतः व इतर अनुभवी अधिकाऱ्यांनी महाराजांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. माधवरावांची ही व्याख्याने पुढे १८८१ मध्ये इंग्रजीत छापली गेली. त्यांचा मथितार्थ आमच्या साध्या शब्दांत असा : राज्य हे राजाच्या सुखाकरिता नसून प्रजेच्या कल्याणाकरिता आहे. कायदा सर्वांना ठाऊक असावा आणि तो राजानेही पाळावा. वाड्याच्या खर्चाला मर्यादा घालावी आणि ती ओलांडू नये. माणसे नेमताना नाते अगर स्तुती न पाहता योग्यता पाहावी. एका बाजूचे ऐकून निकाल देऊ नये. ज्या खात्याचे काम त्या खात्याचा अभिप्राय आधी मागवावा. रागाच्या किंवा लोभाच्या भरात हुकूम सोडू नये.

अठरा वर्षांच्या तरुणास हा उपदेश रुक्ष वाटला असता तर नवल नव्हते. परंतु महाराजांनी तो मनावर घेतला. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले, तेव्हा सहा वर्षांपूर्वीचा निरक्षर मुलगा चार भाषांत वाचीत होता आणि जमाखर्चाचा ताळेबंद समजून घेऊ शकत होता.

अधिकार हाती आल्यावर

अधिकार मिळाला की शिक्षण संपले असे पुष्कळांचे होते. महाराजांचे तसे झाले नाही. बडोदे, कडी, नवसारी व अमरेली असे राज्याचे चार प्रांत. त्यांत दौरे काढून त्यांनी रयतेचे अर्ज समक्ष ऐकले, शेतसाऱ्याची तक्रार ऐकली, विहिरी व तळी पाहिली. १८८७ साली ते प्रथम विलायतेस गेले. प्रकृतीसाठी म्हणून हा प्रवास झाला, परंतु पुढे अनेक वेळा ते परदेशी गेले आणि प्रत्येक वेळी तेथील शाळा, कारखाने, ग्रंथालये व नगरसंस्था पाहून आपल्या राज्यात काय आणता येईल याचा विचार करीत परतले. १८९० मध्ये निघालेले कलाभवन हे धंदेशिक्षणाचे विद्यालय आणि १९०८ मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बरोडा ही अशाच विचाराची फळे होत.

सन १८९९–१९०० मध्ये गुजराथेत भयंकर दुष्काळ पडला. संवत् १९५६ चा म्हणून लोक त्यास छप्पनचा दुष्काळ म्हणतात. महाराज दुष्काळी भागात हिंडले, कामांची पाहणी केली, आणि जे पाहिले त्याची टिपणे पुस्तकरूपाने १९०१ साली प्रसिद्ध झाली. कोणत्या गावी पाणी किती, काम कोणते, मजुरी पोचते की नाही, याची नोंद ठेवण्याचा हा स्वभाव आम्हांस फार मोलाचा वाटतो. पाहणी पुष्कळ जण करतात. लिहून ठेवणारा विरळा.

गावपंचायतींची पुनःस्थापना

आता आमच्या मुख्य विषयाकडे वळतो. महाराजांना अधिकार मिळाल्यानंतर पाच महिन्यांनी, मे १८८२ मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याविषयीचा आपला प्रसिद्ध ठराव काढला. अशा संस्थांपासून कारभार लगेच सुधारेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. लोकांना सार्वजनिक कामाचे शिक्षण मिळावे हा त्यातला मोठा हेतू होता. त्यानुसार मुंबई इलाख्यात १८८४ चा लोकल बोर्डांचा कायदा झाला व आपल्या नाशिक जिल्ह्यातही लोकल बोर्ड आले. पण बोर्डावर कलेक्टरसाहेबांची छाया दाट असे, आणि खेडे हा जो पाया त्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

महाराजांनी पायापासून आरंभ केला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी, रमेशचंद्र दत्त हे नामांकित अर्थशास्त्रज्ञ बडोद्याच्या सेवेत आले त्या सुमारास, राज्यातील गावपंचायतींची नव्याने घडी बसविण्यात आली. पंचायतीचा प्रमुख गावचा पाटील. सभासदांपैकी काही सरकारने नेमलेले, काही गावकऱ्यांनी निवडलेले. तलाठी व शाळामास्तर यांनाही पंचायतीत स्थान. गावपंचायतीवर तालुक्याचे बोर्ड, त्यावर प्रांताचे बोर्ड, आणि खालच्या संस्थेने वरच्या संस्थेवर आपला प्रतिनिधी पाठवावा अशी योजना. पुढे १९०८ च्या सुमारास धारासभाही स्थापन झाली. गावचे रस्ते, विहिरी, धर्मशाळा, शाळेची इमारत, ही कामे गावाकडे आली. आज आपण ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद अशी जी तीन पायऱ्यांची रचना पाहतो, तिच्याशी या रचनेचे साम्य सहज लक्षात येईल.

पंचायतीत शाळामास्तरास बसविले यात महाराजांचे धोरण दिसते. ज्यांना अधिकार द्यावयाचा त्यांच्याजवळ कोणीतरी वाचून दाखविणारा, हिशेब समजावून देणारा असला पाहिजे, हे त्यांनी स्वानुभवाने ओळखले होते.

प्रथम अक्षर, मग अधिकार

निवडणुकीने सभासद मिळतो, जाणता सभासद मिळतोच असे नाही. म्हणून पंचायतींच्या जोडीला महाराजांनी शिक्षणाचा मोठा खटाटोप केला. १८९३ मध्ये अमरेली व आसपासच्या काही खेड्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करून पाहिले. तेरा वर्षे अनुभव घेतला, आणि १९०६ मध्ये सर्व राज्यभर, मुलांना तसेच मुलींना, ते लागू केले. इंग्रजी मुलखात त्या वेळी असे काहीच नव्हते. नामदार गोखले यांनी १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे बिल आणले तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाती होता. ते बिल १९१२ मध्ये नामंजूर झाले; बडोद्याच्या शाळा मात्र चालूच राहिल्या.

शाळेत शिकलेले गावी जाऊन विसरू नये म्हणून ग्रंथालये. १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ बोलावून त्यांनी राज्यभर मोफत ग्रंथालयांचे जाळे विणले. ठराविक रक्कम गावाने वर्गणीने जमवावी, तितकीच बोर्डाने द्यावी, तितकीच सरकारने घालावी, असा नियम होता. जेथे ग्रंथालय निघणे शक्य नव्हते तेथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. वर्गणी गावची असल्यामुळे पुस्तकांची काळजीही गावच घेई. फुकट दिलेल्या वस्तूची किंमत राहत नाही, पण नुसत्या लोकांवर सोडले तर गरीब गाव मागे राहते. दोन्ही गोष्टी सांभाळणारी ही युक्ती होती.

राज्याचा कारभार रयतेच्या गुजराथी भाषेत चालावा हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी सरकारी कामकाजातल्या शब्दांचा आठ भाषांतील एक मोठा कोश, श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू, १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. हुकूम समजला नाही तर तो पाळणार कोण व त्यावर शंका विचारणार कोण, असा हा विचार. धर्मकृत्यांतही हेच तत्त्व. १९१५ च्या पुरोहित कायद्याने पौरोहित्य करणाऱ्यास परीक्षेची अट घातली, म्हणजे मंत्र म्हणणाऱ्यास त्याचा अर्थ ठाऊक असावा.

अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या. सवर्ण शिक्षक तेथे जाईनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमले. पुढे आर्यसमाजी पंडित आत्माराम यांच्या हाती ते काम दिले. १९१३ साली डॉ. भीमराव आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकण्यास गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. पुढे या देशाची राज्यघटना ज्यांच्या हातून घडली त्यांच्या शिक्षणास कवळाण्याच्या गोपाळरावांचा हातभार लागला, ही नाशिक जिल्ह्याने अभिमान बाळगण्याजोगी गोष्ट होय. बडोद्यास नोकरीवर आल्यावर त्याच आंबेडकरांना राहण्यास जागा मिळाली नाही, हेही लपविता येत नाही. राजाची आज्ञा कागदावर चढली तरी लोकांच्या उंबऱ्याआत शिरण्यास वेळ लागतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत

चरित्र म्हणजे आरती नव्हे. महाराजांनी पंचायती दिल्या त्या वरून दिल्या. लोकांनी मागून घेतल्या नव्हत्या. धारासभेस सल्ला देण्याचा अधिकार होता, शेवटचा शब्द महाराजांचा. सक्तीच्या शिक्षणात गैरहजेरीबद्दल दंड होता, आणि दंडाचा भार ज्या घरची मुले शेतावर राबत त्या गरिबांवरच अधिक पडे. महाराज परदेशी वर्षानुवर्षे राहत, त्या काळात कामे रेंगाळत. अधिकार वाटून द्यावा असे त्यांना वाटे, परंतु हातचा पुरता सोडवत नसे. ज्याने स्वतःच्या हाताने सारे उभारले त्याला ते दुसऱ्याच्या हाती देणे कठीण जाते. आपल्या संस्थांतून आपणही हे पाहतोच.

तथापि उतारवयातही त्यांची दृष्टी खेड्यावरच होती. १९३२ मध्ये नवसारी प्रांतात कोसंबा येथे ग्रामसुधारणेचे केंद्र निघाले. त्याच वर्षी कोल्हापुरास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद महाराजांनी भूषविले. राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव १९३६ मध्ये झाला, तेव्हा खेड्यांतील गरिबांच्या उन्नतीसाठी एक कोट रुपयांचा निधी त्यांनी जाहीर केला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले.

संस्थान गेले, पण वळण राहिले. १९२७ ते १९४४ पर्यंत बडोद्याचे दिवाण असलेले व्ही. टी. कृष्णम्माचारी हे स्वतंत्र भारताच्या नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले आणि समूह विकासाच्या कार्यक्रमात त्यांनी खेड्यातील लोकांच्या सहभागावर भर दिला. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने लोकनियुक्त पंचायतींची शिफारस केली. आपल्या राज्यात वसंतराव नाईक समिती नेमली गेली. १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. पुढे १९९३ मध्ये त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेत स्थान मिळाले, आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखल्या.

आमचीच एक चूक

येथे आमच्या स्वतःच्या आयुष्यातील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सेवानिवृत्तीनंतर गावकऱ्यांच्या आग्रहावरून आम्ही ग्रामपंचायतीस उभे राहिलो व निवडून आलो. नव्या सभासदांसाठी दोन दिवसांचा प्रशिक्षणवर्ग होता. आम्ही जन्मभर दुसऱ्यांस शिकविलेले. आम्हांस कोण काय शिकविणार, असा आमचा ताठा. पहिल्या दिवशी हजेरीपत्रकावर सही केली, दुपारचे जेवण केले व परतीच्या गाडीत बसलो. आमच्याबरोबर निवडून आलेली एक विधवा शेतकरी भगिनी, जेमतेम चौथी शिकलेली, दोन्ही दिवस बसली. ती वहीत काहीबाही उतरून घेत होती. ते पाहून आम्हांस मनातून हसू आले होते, हे कबूल करतो.

वर्षभराने पाण्याच्या टाकीचा ठराव आला. सचिवाने भराभर वाचला, आम्ही सर्वांनी सह्या केल्या. त्या भगिनीने मात्र विचारले की जागेचा नकाशा कोठे आहे, ग्रामसभेपुढे हा विषय केव्हा आला, आणि खालच्या वस्तीला उतार मिळेल काय. सभेत कुजबुज झाली. काम अडू नये म्हणून आम्हीच तिला समजावले, म्हणजे खरे सांगावयाचे तर गप्प केले. मास्तरांच्या शब्दास गावात मान होता. टाकी बांधली गेली. दलित वस्ती व तिच्या पलीकडची काही घरे टाकीहून उंचावर निघाली. तेथल्या बाया अजून उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात. त्या बायांत आमचे विद्यार्थी राहिलेल्यांच्या माता आहेत. रस्त्यात भेटल्या म्हणजे गुरुजी म्हणून नमस्कार करतात, आणि आमची मान खाली जाते.

त्या वर्गात काय शिकविले होते हे आम्ही पुढे त्या भगिनीच्या वहीवरून शिकलो. सभेची सूचना किती दिवस आधी यावी, ठराव कसा लिहावा, विरोधाची नोंद कशी करून घ्यावी, अंदाजपत्रक कसे वाचावे, नमुना आठ म्हणजे काय, ग्रामसभेचे अधिकार कोणते. साध्या गोष्टी, पण त्या ठाऊक नसल्या तर सही करणारा सभासद व अंगठा उठविणारा सभासद यांत भेद राहत नाही. कवळाण्याचा मुलगा राजा झाल्यावरही सहा वर्षे शिकला. आम्हांस दोन दिवस बसवले नाही.

समाजबांधवांस विनंती

निवडून आलेल्याचा आपण सत्कार करतो, हार घालतो, फेटा बांधतो, स्मरणिकेत छायाचित्र छापतो. ते अवश्य करावे. परंतु त्याबरोबर आणखी काही करता येईल असे आम्हांस वाटते. आपल्या समाजातील जो कोणी, स्त्री असो वा पुरुष, स्थानिक संस्थेत निवडून येईल त्याने सरकारी प्रशिक्षणवर्ग पुरता करावा, आणि मंडळाने त्याला त्याविषयी विचारावे. पुण्यास यशदा ही संस्था आहे. तिच्या द्वारे व जिल्ह्याजिल्ह्यांतून असे वर्ग होत असतात. मंडळाच्या वास्तूत महिन्यातून एक सायंकाळ यासाठी ठेवावी. निवृत्त तलाठी, हिशेबनीस, वकील, शिक्षक आपल्यात पुष्कळ आहेत, त्यांनी नव्या सभासदांबरोबर अंदाजपत्रक व ठराव वाचावे. दुसऱ्या समाजाचे सभासद आले तर त्यांनाही बसू द्यावे. विहिरीचे पाणी जात विचारून लागत नाही. शेवटचे मागणे घरच्या पुरुषांपाशी आहे. सून किंवा पत्नी सरपंच झाली तर तिच्या खुर्चीवर आपण बसू नये. तिला सभेस जाण्यास वेळ मिळावा म्हणून त्या दिवशी घरचे काम आपण करावे. जमनाबाईंनी गादीवर बसविलेल्या मुलाला शिकू दिले गेले, त्याच्या नावाने दुसऱ्यांनी कायमचे राज्य केले नाही. अधिकारयोग्य झाल्यावर त्याचा अधिकार त्याला मिळाला. एवढा धडा आपल्या घरात गिरविला तरी पुरे.

ज्या भगिनीची गोष्ट आम्ही सांगितली ती पुढच्या निवडणुकीत पुन्हा उभी राहिली व निवडून आली. आम्ही उभे राहिलो नाही. वरच्या वस्तीसाठी वेगळी जलवाहिनी घालण्याचा विषय तिने ग्रामसभेत मांडला आहे, आणि त्याचे कागद वाचून पाहण्यास ती अधूनमधून आमच्या ओसरीवर येते. आम्ही चष्मा लावून वाचतो. न कळलेले तिला विचारतो.

कवळाण्याच्या त्या थोर पुरुषास आमचे विनम्र अभिवादन. इत्यलम्.